गंगावैनीची तारेची चिमणी

गेल्या मे महिन्यात माझ्या नातीने मला तेरेखोलला एका हॉटेलात जेवायला नेलं. पोचलो तर सगळीकडे काळोख. मला वाटलं, वीज गेली. तर नाही. मुद्दाम दिवे मालवून प्रत्येक मेजावर एकेक मेणबत्ती लावून ठेवलेली. नात म्हणते, "आजी, किती छान वाटतं ना, जुन्या काळासारखं." मी म्हटलं, बाय, ताटातला मासा मला दिसत नाही, घशात काटा अडकला तर तो जुना काळ येऊन काढणार आहे का? ती हसली. जेवण झालं, उठताना तिने फू करून मेणबत्ती विझवली आणि मी तिच्या हातावर फाडकन चापट मारली.

मारली आणि माझी मलाच लाज वाटली. दिवा तोंडाने फुंकायचा नाही, हे आमच्या हाडात मुरलेलं. दिवा म्हणजे लक्ष्मी, तिच्यावर उष्टा श्वास टाकायचा नाही. 'विझव' हा शब्दसुद्धा तिन्हीसांजेला कोणी उच्चारत नसे. दिवा मालवायचा, नाहीतर निजवायचा. सगळं खरं. पण अशाच एका दिव्यावर एकदा कोणी फू केली असती तर आमच्या वाड्यावरची एक बाई जगली असती, हेही मला माहीत आहे. आणि तरी हात उठला. साठ वर्षांत अक्कल आली म्हणावी तर ही अशी.

नात रुसली होती, म्हणून घरी येताना गाडीत तिला गंगावैनीची गोष्ट सांगितली. तीच इथे लिहून ठेवते.

माझं माहेर डिचोलीचं. पोर्तुगीज गेले त्यानंतर चार वर्षांनी, पासष्टच्या वैशाखात लग्न होऊन मी तुयेला आले. आज तुये म्हटलं की लोकांना कारखाने आठवतात. तेव्हा आमच्या वाड्यावर, म्हणजे वीसेक घरांच्या वस्तीत, विजेचा खांबसुद्धा नव्हता. घरात देवापुढे समई, खोबरेलाची. ओटीवर काचेचा कंदील. त्याची काच पुसायचा मान माझ्या सासऱ्यांचा, गोकुळदासांचा, आणि त्या काचेला दुसऱ्या कुणाचं बोट लागलं तर ते दिवसभर फुगून बसत. गोठ्यात उंडीच्या कडू तेलाची पणती. आणि स्वयंपाकघरात, न्हाणीत, कोठीत चिमणी. चिमणी म्हणजे पत्र्याची बसकी डबी, झाकणाला एक नळी, नळीत वात आणि पोटात घासलेट. काच नाही, आडोसा नाही, उघडी ज्योत. सकाळी उठून नाक शिंकरलं की काजळी निघायची. जुना काळ छान होता म्हणणाऱ्यांनी एकदा ती काजळी बघायला हवी होती.

तर या चिमण्या वाड्यावर गंगावैनी करायची. ती मूळची नदीपलीकडची, आरोंद्याची. नवरा नारायण पत्र्याचं काम करायचा. तो तापाने गेला तेव्हा ती सव्वीस वर्षांची. मूलबाळ नाही. सगळे धरून चालले होते की आता ही भावाकडे जाईल आणि जन्मभर त्याच्या चुलीपुढे बसेल. तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी सकाळी तिच्या अंगणातून ठकठक ऐकू आली. नवऱ्याची कातर आणि हातोडी घेऊन ती बसली होती. बायका बघायला जमल्या. विधवेने असं चारचौघांत अवजार घेऊन बसणं शोभतं का, असं कोणीतरी म्हणालंच. गंगावैनी वर न बघता म्हणाली, "तुमची चाळण गळता, ती हाडा. मगे शोभता की नाय ता बघूया." चाळण आली, दुरुस्त झाली, आणि बोलणारी गप्प झाली.

मी पाहिली तेव्हा ती पस्तिशीची होती. काळी, काटक, दोन्ही हातांच्या बोटांवर कापल्याचे पांढरे वण. तुपाचे, दुधाच्या भुकटीचे, बिस्किटांचे रिकामे डबे तिच्याकडे यायचे. तांब्याच्या टोकाची सळई निखाऱ्यात तापवायची, नवसागराच्या खड्यावर घासायची, कथलाला टेकवायची आणि सांध्यावरून एकदाच फिरवायची. एकदाच. दुसऱ्यांदा हात फिरवायला लागला तर तो डाख, म्हणजे सांध्यावर बसलेलं कथील, ती काढून टाकायची आणि पुन्हा द्यायची. तिची चिमणी पाण्यात बुडवली तरी एक बुडबुडा निघत नसे. मी सांगते, आजच्या हजार रुपयांच्या बाटल्यांची झाकणं गळतात.

पण त्या घरावर वाड्याचा एक रोष होता, आणि तो मला लग्नानंतर आठ दिवसांतच कळला.

गंगावैनी आपला दीर अनंत याच्या कुटुंबात राहत होती. अनंत वास्कोला बंदरावर माल उतरवायच्या कामाला. महिन्यातून दोनदा घरी यायचा. त्याची बायको आनंदी बासष्टच्या शिमग्यात जळून मेली होती. मागे एक मुलगी राहिली, सुशीला. तेव्हा पाच वर्षांची.

झालं होतं ते असं. शिमग्याला माहेरी जायचं म्हणून आनंदीचं नवऱ्याशी भांडण झालं. संध्याकाळी ती विहिरीवर रडत होती, ते माझ्या सासूने, देवकीबाईंनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने चिमणी लावून चूल पेटवली, आणि उजाडल्यावर चिमणी मालवायला पदर हलवला. अंगावर नायलॉनचं नवं लुगडं होतं, अनंतने वास्कोहून आणलेलं. पदराने पेट घेतला. गंगावैनी दारातच होती. घोंगडी टाकून तिने आग दाबली, स्वतःचे हात भाजून घेतले. आनंदी दोन दिवस जगली.

पंचनाम्यात अपघात असं लिहिलं गेलं. पण विहिरीवर पंचनामा कोण वाचतो? विहिरीवर देवकीबाई म्हणाल्या, "मी चाळीस वर्सां पदरान दिवो मालयतां. एक धागो जळूंक ना. तिणें रातभर मनांत धरलें आनी सकाळीं केलें." उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि माझ्या सासूचा शब्द म्हणजे वाड्याचा शब्द. गंगावैनी सांगत राहिली की मी डोळ्यांनी पाहिलं, पदरच पेटला. लोक म्हणाले, घरचं माणूस झाकणारच.

आता यात नुसती बदनामी असती तर गंगावैनीने ती गिळली असती. पण आमच्याकडे भाद्रपदात पितृपक्षात अविधवा नवमी असते. नवऱ्याच्या आधी गेलेल्या सवाष्ण बाईच्या नावाने त्या दिवशी एका सवाष्णीला बोलावतात, पाटावर बसवतात, कुंकू लावून ओटी भरून जेवू घालतात. ती जेवली म्हणजे गेलेली जेवली. आत्महत्या केलेल्या बाईच्या नावाने मात्र आमच्या वाड्यावर कोणी जेवायला बसत नसे. वर्षश्राद्ध झाल्यावर त्रेसष्टच्या नवमीला गंगावैनीने सगळा स्वयंपाक केला, सहा घरांत बोलावणं केलं. कोणी आलं नाही. चौसष्टला पुन्हा केला. पुन्हा कोणी नाही. पान गायीला घातलं. सुशीलाला सांगितलेलं होतं की आज तुझी आई जेवायला येणार. दुसऱ्या वर्षी ती पोर रस्त्यावर जाऊन उभी राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईकडे बघत होती. हे मला गंगावैनीनेच पुढे सांगितलं, आणि सांगताना ती पत्रा कापत होती, थांबली नाही.

माझी तिची ओळख झाली तीसुद्धा चिमणीवरूनच. आषाढातली सकाळ. माझ्या रुखवतात मामाने दिलेली दोन नायलॉनची लुगडी होती, एक मोरपिशी, एक आमसुली. सुती वाळायचं नाही, नायलॉन झटकलं की सुकलं, म्हणून मी पावसात तीच नेसायची. उजाडलं, भाकऱ्या झाल्या, मी पदराचं टोक धरून चिमणीवर वारा घालणार, तोच मागून कोणीतरी माझं मनगट असं करकचून धरलं की बांगडी पिचली. गंगावैनी. न्हाणीची नवी चिमणी द्यायला मागच्या दाराने आलेली. तिने माझा हात सोडला नाही. दुसऱ्या हाताने ओलं फडकं घेऊन चिमणीवर टाकलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्या लुगडा नेसून दिव्याकडे जाव नको. माझ्या गळ्याची शपथ."

गडबड ऐकून सासूबाई आल्या. नव्या सुनेची बांगडी फुटलेली, दिव्यावर फडकं टाकलेलं. त्यांच्या कपाळावरची शीर उभी राहिली. "आमच्या घरांत येवन तूं आमकां शिकयतां?" त्या म्हणाल्या. गंगावैनी म्हणाली, "काकी, शिकवूक नाय येवक. चिमणीक टोपण करून दितंय. मालवताना वरसून घातला की झाला. ना फुंकूचा, ना पदर."

खरोखरच तिने टोपणं केली. छोटीशी, साखळीने चिमणीला लटकणारी. वाड्यावर वीस घरांत वाटली. आठ दिवसांत वीसच्या वीस परत आली. लक्ष्मीच्या तोंडावर झाकण घालायचं? तिचा श्वास कोंडायचा? सासूबाईंनी एकदा म्हटलं आणि सगळ्यांनी री ओढली. मला गंगावैनीचं वाईट वाटलं, पण माझी काय टाप होती बोलायची? नवी सून, मूग गिळून बसले. गंगावैनी मात्र रागावली नाही. ती टोपणं तिने मिठाच्या डब्यांना बसवली आणि तेच डबे त्याच वीस घरांत गेले.

एक दिवस संध्याकाळी ती सासूबाईंना पुन्हा समजवायला आली. ओटीच्या पायरीवर बसून बोलत होती, आणि सासूबाई तिच्याकडे पाठ करून देवघरात होत्या. दुपारची पूजेची समई अजून जळत होती. दिवेलागणीला नवी वात घालायची म्हणून आधी ती निजवायची होती. त्यांनी काडी घेतली, जळत्या वातीला टेकवली आणि वात मागे तेलात ओढली. ज्योत बारीक झाली आणि गेली. ना फुंकर, ना वारा. गंगावैनीचं बोलणं अर्ध्यात तुटलं. ती टक लावून बघत होती. मग म्हणाली, "काकी, असाच मालवतत ना तुमी दिवो पूर्वीपासून?" सासूबाई म्हणाल्या, "तेलाचो दिवो असोच मालवतात. तुका ठावक ना?" गंगावैनी उठली आणि चालू पडली. सासूबाई म्हणाल्या, हिचं डोकं फिरलंय.

फिरलं नव्हतं, चालायला लागलं होतं. तिने जे ओळखलं ते आमच्यापैकी एकीलाही सुचलं नव्हतं. रिवाज तेलाच्या दिव्याचा. तेलात वात मोकळी असते, मागे ओढता येते. घासलेट आलं, चिमणी आली, वात नळीत अडकली. मागे ओढायची सोय गेली, फुंकायला बंदी, म्हणून बायकांनी पदर हलवायला सुरुवात केली. जाड सुती लुगड्यांच्या दिवसांत ते चालून गेलं. मग नायलॉन आलं. चूक बायकांची नव्हती आणि लक्ष्मीचीही नव्हती. चिमणीला वात मागे घेता येत नव्हती, एवढंच.

त्यानंतर महिनाभर ती त्या एका चिमणीमागे लागली. मी चाळणीच्या, खवणीच्या निमित्ताने दुपारची तिकडे जायची. तिने नळीच्या शेजारी दुसरं बारीक भोक पाडलं, त्यातून तार आत सोडली आणि तारेचा आकडा वातीच्या पोटात अडकवला. तार वर घेतली की वात वर, खाली दाबली की वात नळीत खाली. ऐकायला सोपं. पहिल्या चिमणीत वात आकड्यातून सुटली. दुसरीत दुसऱ्या भोकानेच पेट घेतला; तिने ती माती टाकून दाबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ही तुझ्या सासूक दाखवूची नाय." मग त्या भोकाला बोटभर उंच बाही डाखली आणि तार आत घट्ट बसेल अशी केली. कापसाची वात फाटत होती म्हणून जुन्या धोतराच्या चिंध्यांची वेणी घालून वात केली. तारेचं वरचं टोक तापून बोट भाजत होतं, तिथे वेळूचं एक कांडं बसवलं. सहा चिमण्या तिने मोडल्या. मी म्हटलं, "वैनी, एवढा जीव काढता, त्यापेक्षा बायकांना नीट समजावून सांगा, फुंकलं तर काही होत नाही." ती म्हणाली, "माणसा बदलतली तेव्हा बदलतली. पत्रो आजच बदलता येता." मी पुस्तकं शिकलेली, सातवी पास. तिने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. आणि आमच्या दोघींत शहाणी कोण होती हे मला त्या दिवशी नीट कळलं.

मी तिला म्हटलं होतं, नवमीला मी येते सवाष्ण म्हणून, कोणाला कळणार नाही. ती पहिल्यांदा माझ्यावर चिडली. "चोरून इलली सवाष्ण माका नको. आनंदीन काय्येक चोरूक नाय. तिका उघड्या दारातसून जेवूक घालूचा आसा." मी पुन्हा तो विषय काढला नाही.

गणपती झाले. पितृपक्ष लागायच्या दिवशी दिवेलागणीला गंगावैनी नवी चिमणी घेऊन आमच्याकडे आली. मागच्या दाराने नाही, पुढच्या. सासूबाई ओटीवर वाती वळत होत्या. गंगावैनीने चिमणी त्यांच्यापुढे ठेवली, लावली, आणि म्हणाली, "काकी, समयेची वात कशी मागे घेतत, तशी हिची घेवन बघा. ह्या वेळवाचा कांडा दाबा." सासूबाईंनी आधी पाहिलं नुसतं. मग कुतूहल माणसाला कुठे सोडतं? बोट ठेवलं, दाबलं. ज्योत आखडली, नळीत गेली, दिसेनाशी झाली. त्यांनी पुन्हा लावायला सांगितली. पुन्हा दाबलं. तीनदा केलं त्यांनी. लहान मुलासारखं चाललं होतं.

चौथ्यांदा त्यांनी लावायला सांगितली नाही. मग विचारलं, "तें लुगडें आनंदीन कितले दीस नेसलेलें?"

"तोच पयलो दिवस," गंगावैनी म्हणाली.

"मालती," सासूबाई मला म्हणाल्या, "तुझ्या नायलॉनाचो एक तुकडो हाड."

मी आत गेले. मोरपिशी लुगड्याच्या काठाला आधीच चीर गेली होती, तिथून वीतभर फाडलं आणि घेऊन आले. सासूबाईंनी आमच्या स्वयंपाकघरातली जुनी चिमणी मागवली, पेटवली. तुकडा दोन बोटांत धरला आणि गेली चाळीस वर्षं पदर हलवत होत्या तसाच हलवला. एकदा काही झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा टोक ज्योतीला शिवलं आणि तुकडा पेटला तो पेटलाच. झटकला तरी विझेना. वितळून थेंब थेंब शेणाच्या जमिनीवर पडायला लागले आणि पडल्यावरही जळत होते. एक थेंब त्यांच्या अंगठ्यावर पडला. त्या ओरडल्या नाहीत. तो थेंब कातडीला चिकटून बसला होता. मी पाणी घेऊन धावले. सासूबाई अंगठ्याकडे बघत होत्या. सहा वारी लुगडं अंगाभोवती असताना काय झालं असेल, हे त्या क्षणी त्या ओटीवर आम्ही तिघींनी डोळ्यांपुढे पाहिलं. गंगावैनी रडत होती. आनंदी गेल्यावर ती रडलेली कोणी पाहिली नव्हती, आता तोंडाला पदर लावून रडत होती.

सासूबाई एकच वाक्य बोलल्या, "मालती, घरातल्यो सगळ्यो चिमण्यो हिच्याकडे पाठय." आणि उठून आत गेल्या. गंगावैनी थोडा वेळ थांबली. कोणी आणखी काही बोलेल असं तिला वाटलं असावं. मग गेली.

देवकीबाईंच्या घरच्या चिमण्या गेल्या म्हटल्यावर दुसऱ्या दिवसापासून रांग लागली. टोपणं परत करणाऱ्या त्याच वीस बायका. गंगावैनीने कोणाला मागचं काही सुनावलं नाही. मी असते तर एकेकीला सोलून काढली असती. पुढे पेडण्याच्या बाजारात, डिचोलीत, अगदी सातार्ड्यापर्यंत तिच्या तारेच्या चिमण्या गेल्या. त्र्याहत्तरला वाड्यावर खांब आले, घरोघर बल्ब लागले. तिच्या घरात बल्ब लागला तेव्हा मी होते. तिने बटण दाबलं, पुन्हा दाबलं, आणि म्हणाली, "ह्या चांगला आसा. हेका हातसुद्धा लावूक नको." धंदा बुडाला तरी तिला आनंदच झाला होता. मग ती तांदळाची पिंपं आणि पावसाच्या पन्हळी करायला लागली आणि सत्तरी उलटेपर्यंत करत राहिली. मी आयुष्यात खूप शिकलेली माणसं पाहिली. दुसऱ्याचा रिवाज न दुखवता त्याचा जीव वाचवणारी हीच एक पाहिली.

पण मी भलतीच पुढे गेले. नवमी राहिली.

त्या संध्याकाळपासून नवमीपर्यंत नऊ दिवस सासूबाई घरात कोणाशी धड बोलल्या नाहीत. चिमण्या गेल्या, पण चिमणी बदलणं वेगळं आणि 'मी चुकले' म्हणणं वेगळं. वाड्यावरच्या बायकांची कुजबुज चालली होती, पण पहिली कोण जाणार? देवकीबाईंनी तोंडाने काही सांगितल्याशिवाय एकही जागची हलणार नव्हती. गंगावैनीने नेहमीसारखी सहा घरांत बोलावणी केली. आमच्याकडेही आली. सासूबाई परसात होत्या, बाहेर आल्या नाहीत. मी दारात उभी राहून मान डोलावली. गंगावैनी म्हणाली, "स्वयंपाक मी करतलंयच," आणि निघून गेली.

नवमीच्या सकाळी आमच्या घरात नेहमीसारखं चाललं होतं. सासूबाईंनी आंघोळ केली, देवपूजा केली, सासऱ्यांना पेज वाढली. मी आतल्या आत जळफळत होते. मनात म्हणत होते, अंगठ्याला फोड आला तरी हिचं मन काही हललं नाही. बाराच्या सुमाराला त्यांनी पेटीतून त्यांचा लग्नातला शालू काढला. नेसल्या. नथ घातली. कपाळावर आडवं कुंकू लावलं. मला म्हणाल्या, "चल."

आम्ही रस्त्याच्या मधोमध चालत गेलो. भर दुपारी, नथ घालून, देवकीबाई पत्र्याचं काम करणाऱ्या गंगाच्या घरी चालल्यात, हे बघायला ज्या ज्या बायका दारात आल्या त्या सगळ्यांकडे त्यांनी एकेकदा बघितलं. आमच्या मागून दोघी निघाल्या, मग आणखी तिघी.

गंगावैनीच्या ओटीवर पाट मांडला होता, पान वाढायचं बाकी होतं. सुशीला, आता आठ वर्षांची, परकर-पोलकं घालून दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. या वर्षी ती रस्त्यावर आली नव्हती. अनंत वास्कोहून आला होता, तो खाली मान घालून अंगणात उभा होता. गंगावैनी आतून आली, सासूबाईंना बघून तिथेच थबकली. तिच्या हातात आमटीची वाटी होती, ती तिने खाली ठेवली.

सासूबाई पाटावर बसल्या. अंगणात उभ्या असलेल्या बायकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "आनंदीचो पदर पेटलो. तिणें कांय केलें ना. म्हजी जीब पेटपाक जाय आसली."

जळायला हवी होती ती आपली जीभ, असं देवकीबाई चारचौघींत म्हणाल्या. गंगावैनी विधवा, तिने कुंकू लावायचं नाही, म्हणून तिने कोयरी सुशीलाच्या हातात दिली. पोर पुढे आली. तिने कुंकू लावलं, ओटी भरली, आणि मग सासूबाईंच्या नथीकडे, कुंकवाकडे बघत काय करावं ते न कळून उभी राहिली. सासूबाईंनी तिचा हात धरून तिला जवळ ओढलं.

"चेडवा, वाढ गो," त्या म्हणाल्या. "तुजी आवय जेवपाक बसल्या. तीन वर्सां उपाशी आसा ती."